अवरेकाई आणि शेवटचं प्रकरण

८ डिसेंबर, सोमवार

नोकरी गेल्यावर माणसं योगासनं सुरू करतात. मी डायरी सुरू केली, कारण डायरीसाठी पहाटे उठावं लागत नाही.

ऑक्टोबरात कंपनीने आमच्या अख्ख्या टीमला एकाच व्हिडिओ कॉलवर नारळ दिला. ॲपमधल्या सूचना लिहिणं हे माझं काम होतं. 'काहीतरी चुकलं आहे, पुन्हा प्रयत्न करा' हे वाक्य मी सहा वर्षं जगाला ऐकवलं. आता आई पुण्याहून रोज फोन करून तेच मला ऐकवते, आणि प्रयत्न पुण्यात येऊन करावा असंही सुचवते.

अशात विलासरावांचा फोन आला. ते पुण्याचे प्रकाशक. त्यांना बेंगळुरूत राहणारी, बरं मराठी लिहिणारी आणि रिकामी असलेली बाई हवी होती. तिन्ही अटींत मी चपखल बसले. काम असं की हयवदन राव यांचं मराठी पुस्तक त्यांच्या तोंडून ऐकून लिहून काढायचं.

देशातले संगणक हाताच्या बोटांवर मोजता येत होते तेव्हापासून हयवदन राव त्यांच्या नादी लागलेले आहेत. आयुष्य एका सरकारी संशोधन संस्थेत गेलं. त्यांच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकाला सगळे नुसतं 'लाल पुस्तक' म्हणतात. माझा जुना बॉस म्हणायचा की कॉलेजात त्याला समजलेलं ते एकमेव पुस्तक. रावांचं वय आता चौऱ्याऐंशी. घराणं तीनेकशे वर्षं इथलंच, घरी मराठी, शाळा कन्नड आणि इंग्रजी. मराठी वाचतात झकास, लिहायला बसले की अडतात. मग या वयात मराठीतच पुस्तक कशाला, असं मी फोनवर विचारलं, तर म्हणाले, "पहिल्यांदा ते मराठीतच होतं." मला काही कळलं नाही. मोठ्या माणसांना असं बोलायची मुभा असते.

११ डिसेंबर, गुरुवार

जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातलं घर, दारात कढीपत्ता. मी लॅपटॉप, रेकॉर्डर आणि प्रश्न घेऊन जय्यत तयारीने गेले. व्हरांड्यात टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर अवरेकाईचा ढीग. म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगा, पण इथं त्यांना पावटे म्हणणं म्हणजे हापूसला नुसतं फळ म्हणण्यासारखं आहे. डिसेंबर उजाडला की हे शहर या शेंगांनी वेडं होतं. उप्पीट अवरेकाळूचं, म्हणजे या शेंगांच्या दाण्यांचं, सार अवरेकाळूचं, डोशातसुद्धा तेच.

सगळे त्यांना अण्णा म्हणतात, त्यांची मुलगीही, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांनी माझा लॅपटॉप बाजूला सारला, पुढ्यात स्टीलचं पातेलं ठेवलं आणि सोलायला येतं का विचारलं. मी पुण्याची. येत नाही असं कशाला म्हणीन? चार शेंगांत नखं काळी झाली आणि बोटांना तो तेलकट, हिरवा वास लागला. साबणाने जात नाही. ही ओळ लिहितानाही येतोय.

१५ डिसेंबर, सोमवार

आमची पद्धत ठरली आहे. एक दिवस अण्णा त्यांच्या घरच्या कन्नडमिश्रित मराठीत सांगतात, मी घरी येऊन नीट लिहिते. पुढच्या खेपेला ते माझी पानं मोठ्याने वाचतात आणि मी बसून शेंगा सोलते. शेंगांना सुट्टी नाही. वाचता वाचता अण्णा चष्म्यावरून खाली माझ्या पातेल्याकडे बघत असतात. मी कामचुकारपणा करते की काय याची तपासणी असावी.

आज माझा अपमान झाला. यंत्राच्या स्मृतीत प्रत्येक गोष्टीला पत्ता असतो, हे समजवायला मी टपालखात्याचं सुरेख उदाहरण घातलं होतं. अण्णा वाचत होते, मी सोलत होते. तेवढ्यात फोन थरथरला, एका कंपनीच्या एचआरचा मेसेज. मी हातातली शेंग तशीच धरून तो वाचला. नकारच होता. मान वर करते तर अण्णा म्हणाले, "हा परिच्छेद नको. काढ."

का, म्हणून विचारलं, तर म्हणाले चालत नाही. एवढंच. पन्नास वर्षं यंत्रांशी बोललं की माणूस असा होत असेल. गाढवापुढे वाचली गीता, असं मनात म्हटलं. मग आठवलं की वाचत तेच होते, म्हणजे गाढव कोण हा प्रश्नच आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज मूड छान होता त्यांचा. मागच्या खेपेला सांगितलेले जुने दिवस मी लिहून नेले होते, ते त्यांनी वाचले. यंत्र हॉलएवढं, डोकं डासाएवढं. त्याला गारवा लागायचा म्हणून आत सगळे स्वेटर घालून. अण्णांचा स्वेटर बायकोने विणलेला, तोच आजही अंगात आहे, कोपरांना ठिगळं लावून.

तेव्हा प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या जाड कार्डांचा गठ्ठा. एक ओळ, एक कार्ड. एकदा अण्णा असा गठ्ठा घेऊन सिटी बसने निघाले आणि चामराजपेटच्या वळणावर तो हातातून सुटून दारातून रस्त्यावर गेला. कंडक्टरने बस थांबवली. रस्त्यातल्या लोकांनी धावून एकेक कार्ड आणून दिलं. एका बाईंनी लग्न कधी आहे म्हणून विचारलं. कार्डं सगळी मिळाली, क्रम मात्र गेला. तो लावायला त्यांना आठवडा लागला. लाल पुस्तकातलं क्रम लावण्याचं गाजलेलं प्रकरण त्या आठवड्यात जन्मलं. हसून हसून माझ्या हातातून शेंगा पडल्या, तरी सोलणं थांबलं नाही. तर हे प्रकरण म्हणे उत्तम झालंय, एक शब्द बदलू नकोस.

२६ डिसेंबर, शुक्रवार

मला शंका येतेय की अण्णांचं लक्ष नसतं. मी मेहनतीने लिहिलेलं ते कुठेही छाटतात. आज एका शेंगेत गुबगुबीत हिरवी अळी निघाली, मी दचकून हात मागे घेतला, तर त्यांनी वाचणं थांबवून पानावर काट मारायला पेन उचललं. मग अळी दिसली आणि पेन खाली ठेवलं. यात काही तर्क आहे का? संगणकशास्त्रज्ञ आणि अळीचा सल्ला घेतात.

नऊ प्रकरणं होत आली. दहावं म्हटलं की मात्र अण्णा उठून कढीपत्त्याला पाणी घालतात. दहाव्याचा विषय लाल पुस्तकातून गळलेला, म्हणून मी तो नेटवर शोधला. यंत्राला कुठलंही काम दिलं, तर ते कधीतरी संपेल की कायम चालतच राहील, हे आधीच बिनचूक सांगणारी एकच पद्धत असू शकत नाही. हे सिद्ध झालेलं आहे, आणि प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. फक्त लाल पुस्तकात नाही. पन्नास वर्षं विद्यार्थी पत्रं लिहून विचारत आलेत की एवढं महत्त्वाचं प्रकरण तुम्ही का गाळलंत. अण्णांनी कुणालाच उत्तर दिलेलं नाही. मी आज विचारलं. म्हणाले, "राहू दे स्वल्प."

इथला स्वल्प म्हणजे थोडं नव्हे. अडीच तासांत पोचणारा रिक्षावालाही स्वल्पच म्हणतो.

३१ डिसेंबर, बुधवार

विलासरावांचा फोन. जानेवारीअखेर दहाही प्रकरणं हातात आली नाहीत तर पुस्तक यादीतून गेलं. दहावं नसेल तर नऊ छापणार नाहीत, कारण जाहिरातच 'लाल पुस्तकातून गळलेलं प्रकरण' अशी केली आहे. हे पुस्तक गेलं तर माझी पुण्याला रवानगी निश्चित. आईने एका मुलाचा फोटोही पाठवलाय. मुलगा ठीक आहे, पण पाठीमागचा पडदा भयंकर आहे.

नवीन वर्षाचा संकल्प केला, वेळ वाचवायचा.

५ जानेवारी, सोमवार

सुटले! इतके दिवस माझ्या डोक्यात कसं आलं नाही? बाजारात सोललेले अवरेकाळू पिशव्यांतून मिळतात. तीन पिशव्या घेतल्या आणि अण्णांच्या टेबलावर ठेवून जाहीर केलं की आजपासून शेंगा बंद, फक्त पुस्तक. अण्णांनी पिशवी उचलून बघितली. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे. खूश झाले असावेत.

९ जानेवारी, शुक्रवार

काम ठप्प. सोमवारपासून अण्णांनी एक पान वाचलेलं नाही. मंगळवारी डोळे दुखतात म्हणाले, बुधवारी घसा. आज मीच वाचून दाखवलं, तर खिडकीबाहेर बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "कसं सांगू, बरं आहे की नाही? कळत नाही ग." टेबल लख्ख पुसलेलं, माझे हात मांडीवर, आणि आम्ही दोघं दवाखान्यात बसल्यासारखे.

मला वाटतं वयाने त्यांना गाठलं. वाईट वाटलं. त्यांच्या मुलीशी बोलायला हवं.

१२ जानेवारी, सोमवार

निवेदिताअक्का जे. पी. नगरला राहते. तिच्याकडे गेले आणि जपून जपून सांगितलं की अण्णा आता थकलेत, लक्ष लागत नाही, वेळ वाचावा म्हणून मी शेंगासुद्धा सोललेल्याच आणून दिल्या, तरी काही नाही.

अक्का चहा गाळत होती, ती थांबली. म्हणाली, "सोललेले? अगं, मग ते वाचणार कसे?"

मग तिने जे सांगितलं ते तिच्या लेखी जगातली सगळ्यात साधी गोष्ट होती. तिची आई नीरजा, शाळा सातवीपर्यंत, इंग्रजीचा गंध नाही. लाल पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण अण्णा आधी तिला घरच्या मराठीत सांगायचे. हिवाळ्यात अवरेकाई, उन्हाळ्यात चिंच, एरवी तांदूळ निवडणं, काहीतरी हातात असायचंच. आई भिडस्त. कळलं नाही असं तोंडाने कधी म्हणायची नाही. पण कळेनासं झालं की तिचा हात थांबायचा. हात थांबला की अण्णा तो भाग काढून नव्याने लिहायचे. हात चालू राहिला की मगच ते इंग्रजीत जायचं.

मी चहा न पिता निघाले. सगळ्या मेट्रोभर मला स्वतःचे हात दिसत होते. एचआरचा मेसेज, अळी, टपालखातं. ते तपासणी करत होते खरी, पण माझी नव्हे, स्वतःची. आणि मी त्यांच्या हातातला तराजू काढून घेऊन त्यांना वजन विचारत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार?

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळीच बाजारात जाऊन ओल्या, वासाच्या, अळ्यांसकट अवरेकाई आणली. अण्णांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, ढीग ओतला आणि बसले.  अण्णांनी चष्मा पुसला, दोनदा.

मी सांगून टाकलं की टपालखात्याच्या वेळी हात फोनमुळे थांबला होता, परिच्छेदाचा दोष नव्हता. अण्णा इतके हसले की खोकला लागला. परिच्छेद परत घेतलाय. न्याय मिळाला.

मग दहावं प्रकरण आपोआप निघालं. दर हिवाळ्यात एकदा ते नीरजाबाईंना सांगून बघायचे. दर वर्षी नवं उदाहरण. दर वर्षी त्याच जागी तिचा हात थांबायचा. ती म्हणायची, पुढच्या वर्षी कळेल. नऊ वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात ती गेली. "जे तिला सांगता आलं नाही, ते छापायचं कसं?" अण्णा म्हणाले. सगळे विचारतात त्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

मला रडू आलं. शेंगांचा वास डोळ्यांना लागतो असं सांगितलं. लागत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

आठवडाभरात दहाव्या प्रकरणाचे चार खर्डे झाले. आणि नवीनच घोटाळा. आता मला माहीत आहे की ते हात बघतात, त्यामुळे हात थांबूच द्यायचा नाही असा मी निश्चय करते. आज अण्णा वाचत होते, मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मी तुफान सोलत होते.

"शलाका," ते म्हणाले, "पातेल्यात सालं पडायलीत."

खरंच. दाणे कचऱ्यात आणि सालं पातेल्यात. आता मी तपासणीच्या कामाची राहिले नाही. बारा दिवस उरलेत.

२४ जानेवारी, शनिवार

निवेदिताअक्काकडे जेवायला. मी तिच्या आईबद्दल खोदून खोदून विचारलं. पुस्तकासाठी नव्हे, मला ती बाई आवडायला लागली आहे. भिडस्त होती म्हणतात, पण हट्टी किती! अण्णांना सगळ्याचं भाकीत करायची खोड. सोलायला बसली की ते म्हणायचे, नीरजा, दहा वाजता तू उठणार. की ही मुद्दाम सव्वादहापर्यंत बसून राहायची. ते म्हणायचे, आज काही तू उठत नाहीस. की ही पदर झटकून उभी. चाळीस वर्षांत एकदाही त्यांचं भाकीत तिने खरं होऊ दिलं नाही. अक्का म्हणाली, "ऐकलं की उलटं करायची. न ऐकता केलं असतं तर बरोबर आलं असतं त्यांचं."

मी हातातला घास तसाच ठेवून तिच्याकडे बघत बसले. अक्काला वाटलं उप्पीट खारट झालंय.

२९ जानेवारी, गुरुवार

पाच दिवस लिहिलं, फाडलं, लिहिलं. आज नेलं.

जाताना ठरवलं होतं. मी सोलणार नाही. माझे हात आता फितूर आहेत. मी वाचणार, अण्णा सोलणार. त्यांनी आढेवेढे घेतले, पण बसले. चौऱ्याऐंशी वर्षांची बोटं, पण शेंग उघडायची लकब बघावी. बायकोचीच असणार.

मी वाचायला लागले. समजा, कुणी एक ज्योतिषी म्हणतो की कुठलंही काम दाखवा, ते संपेल की नाही हे मी आधीच सांगतो, माझं कधीही चुकत नाही. दाणे पातेल्यात टपटप पडत होते. शेंगांचा एक ढीग असेल तर संपेल, हे कुणीही सांगेल. भोक पडलेल्या घागरीत पाणी भरायचं असेल तर संपणार नाही, हेही. ज्योतिष्याला एवढ्यावर हार घालू नका. टपटप चालू होती.

मग मी पुढचं वाचलं. आता या ज्योतिष्यासमोर नीरजाला बसवा. तिचा नियम एकच. आपल्याबद्दलचं भाकीत आधी ऐकायचं आणि बरोबर उलटं करायचं. ज्योतिषी म्हणाला ही उठणार, म्हणजे काम संपणार, की ती सोलत बसणार. म्हणाला ही बसणार, की ती उठणार. तो काहीही म्हणाला तरी चुकणार. कधीही न चुकणारा ज्योतिषी असूच शकत नाही, कारण त्याला खोटं पाडायला जगात एक नीरजा पुरते. यंत्रांतही अशी नीरजा रचता येते.

टपटप थांबली.

मी मान वर केली. अण्णांच्या बोटांत अर्धी उघडलेली शेंग होती आणि ते तिच्याकडे बघत होते.  त्याच जागी. पन्नास वर्षांची तीच जागा. मनात मी पुण्याचं तिकीटसुद्धा काढून टाकलं.

"कुठं अडलं, अण्णा?" मी विचारलं.

त्यांनी शेंग बोटांत फिरवली. मग म्हणाले, "अडलं नाही. तिला आज कळलं असतं."

मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही, बाजूला ठेवलं आणि स्वेटरच्या बाहीने चष्मा पुसला. दारातल्या कढीपत्त्यावर पोपट ओरडत होते. 

थोड्या वेळाने अण्णांनी ती अर्धी शेंग पुरी उघडली, नवी उचलली आणि म्हणाले, "पुन्हा वाच. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून वाचलं. या खेपेला मान वर केली नाही, नुसता कान दिला. ज्योतिषी आला, ढीग आला, घागर आली. नीरजा आली. पातेल्यात दाणे पडत होते. शेवटच्या वाक्यावरही एक पडला.